चौकोनात मावेल तेवढंच

शुभा हसत म्हणाली म्हणून मीही हसले. "तुझ्या 'चांगली आहे'ला काही किंमत आहे का गं? तुला सगळेच चांगले!" लोकलनं तेव्हा डोंबिवली सोडली होती. बाकीच्याही हसल्या, मग कोणीतरी मटारची पिशवी उघडली आणि विषय तिथंच संपला. त्यांच्यापुरता. मी कल्याणपर्यंत मुकाट्यानं शेंगा सोलत होते, आणि आता रात्रीचे साडेदहा वाजून गेले, मटकी भिजत घातली, ओटा आवरला, तरी डोक्यात तेच.

निमित्त ती नवी मुलगी. फोन स्पीकरवर ठेवून बोलते, हे एक. पण खरा राग सीटचा. "कुठे उतरणार?" विचारलं की "ठाणे" सांगते. आपण सीट सांगून ठेवायची, दादरपासून तिच्यासमोर दांडीला लटकायचं, आणि ठाणं आलं की ही म्हणणार, "आज डोंबिवलीला जायचंय." एकदा ठीक आहे. पण हे वरचेवर होतं. आज शुभा उभी राहिली होती, तिचा गुडघा तो तसा. सगळ्या तुटून पडल्या त्या पोरीवर, म्हणजे ती उतरल्यावर, आणि मी बोलून गेले, "असू दे गं, चांगली आहे ती."

शुभाचं बोलणं लागलं ते यासाठी की घरातही हेच चालतं. पडद्याचा रंग असो, मुलीसाठी आलेलं स्थळ असो, "तिला काय विचारायचं, ती बरंच म्हणणार." ऑफिसात कोणाचा गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली की साहेब माझं मत शेवटी विचारतात आणि लिहून घेत नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की हा माझा गुण आहे. लोकांच्या लेखी तो भिडस्तपणा. उगाच वाद नको म्हणून सगळ्यांना एकाच मापानं साखर वाटत सुटलेली बाई. तासभर मी स्वतःची अशी मनसोक्त कीव केली. चांगली वाटली, खोटं कशाला सांगू.

मग दुधाचा खाडा लिहायला कालनिर्णयपाशी गेले.

माझी सवय घरात माहीत आहे, पण वाचत कोणी नाही. खाडा, सिलिंडर, मोलकरणीची सुट्टी, आणि त्याखाली उरलेल्या जागेत त्या दिवशी कोणात काय बरं दिसलं ते. चौकोनात मावेल तेवढंच. आज महिने उलटे चाळत बसले. "खालच्या काकूंनी पार्सल घेतलं, वर आणूनही दिलं." "साहेब चूक केबिनमध्ये बोलावून बोलले, सगळ्यांसमोर नाही." "जाऊबाईंचा फोन. कामासाठी का होईना, आधी माझ्या गुडघ्याची चौकशी." "रिक्षावाल्यानं सुटे नसताना दोन रुपये सोडले, वर कुरकुरला." मधेमधे नुसताच खाडा. एका चौकोनात "आज कोणी नाही", तोही खोडलेला.

आणि वाचता वाचता मला हसूच फुटलं. शुभाचं नाव कुठेच नाही! आईचं नाही, मुलीचं नाही. जी माणसं मला आवडतात त्यांच्याबद्दल लिहायचं कधी सुचलंच नाही, गरजच काय? ज्यांनी त्या दिवशी माझं डोकं फिरवलं, त्यांचीच नावं तेवढी आहेत. काकूंच्या पार्सलच्या आदल्या दिवशी आमचं पाण्यावरून वाजलं होतं. म्हणजे कोणाला माझे शत्रू कोण ते हवं असेल, तर त्यानं माझ्या चांगुलपणाच्या नोंदी वाचाव्यात. सगळेच चांगले म्हणे!

एकदम चांगलं दिसावं असे दिवस मीही पाहिलेत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आकडे दुसऱ्या दिवशी कळले. आम्हाला तेव्हा कळत होतं ते इतकंच की गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबलीय आणि रूळ दिसत नाहीत. शुभा आणि मी हात धरून उतरलो. एका इमारतीतल्या बाईनं, ओळख ना पाळख, आम्हा दहा-बाराजणींना वर नेलं, कपाटातले गाऊन काढून दिले, रात्री खिचडी टाकली. पुढे पेपरात मुंबईकरांचं स्पिरिट वगैरे छापून आलं. मला त्या शब्दाचा तेव्हापासून थोडा कंटाळाच आहे. त्या बाईचा नाही. पण कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसात चांगलं शोधावं लागत नाही, ते आपोआप समोर येतं. संध्याकाळच्या कल्याण फास्टला, "जरा सरकून घ्या" म्हटल्यावर खिडकीबाहेर बघणाऱ्या बाईत ते शोधायला फार वेळ बघत राहावं लागतं. आणि कदाचित ती खिचडीवाली बाईच असेल ती, कुणी सांगावं. तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर कोणाचंच स्पिरिट टिकत नाही. माझंही नाही.

वाईट आपोआप चिकटतं. दिवसभरात शंभर माणसं सरळ वागतात, रात्री आठवतो तो धक्का मारून गेलेला एकटा. मी तो विसरते असं नाही. त्याच्याकडे आणखी थोडं बघते, इतकंच. ही आळशी बाईची कामं नव्हेत. हे शुभाला गाडीतच सांगायला हवं होतं, पण मला उत्तरं नेहमी ओटा पुसतानाच सुचतात.

दादाचं नाव मात्र पूर्ण वर्षात नाही. गावच्या घराच्या कागदांनंतर नाहीच. तीन-चारदा पेन टेकवलं होतं. जाऊ दे, ते आज नको.

त्या पोरीचं आजच्या चौकोनात लिहिलंय. काय बरं दिसलं, तर ठाण्याला न उठल्याबद्दल ती मान खाली घालून बसते. निर्ढावलेल्या बायका अशा बसत नाहीत. आणि दसऱ्याला लोकलचा डबा सजवायची वर्गणी न मागता आणून दिली होती तिनं. फोनच्या स्पीकरचं काय करायचं ते बघू, त्याबद्दल मी स्वतःच बोलणार आहे. चांगली आहे म्हणजे कानाला त्रास होत नाही असं नाही.

हे लिहीत असताना हे पाणी प्यायला आले आणि चष्मा लावून कॅलेंडरपाशी उभे राहिले. पानं उलटून उलटून त्यांनी बोट ठेवत मोजलं. मग फार खुशीत म्हणाले, "अगं, सगळ्यात जास्त वेळा माझंच नाव आहे की!"

मी हो म्हटलं.