ज्येष्ठापूजनाची दुपार

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळावर जातात. या तीन दिवसांतली खरी अडचणीची वेळ कोणती, तर जेवणाच्या दिवशी दुपारी तीन ते साडेपाच. पंगती उठलेल्या असतात, सिंकमध्ये पुरणयंत्र पडलेलं असतं, पुरुषमंडळी पंख्याखाली आडवी झालेली असतात आणि हळदीकुंकवाची पहिली बाई साडेपाचला बेल वाजवणार असते. त्यातला निम्मा वेळ पाठ टेकण्यात जातो, आणि तो जावाच. उरतो तास-सव्वा तास. तेवढ्यात घर स्वच्छ होत नाही, आवरल्यासारखं दिसतं. हे एकदा मनाशी मान्य केलं की हात भराभर चालतात.

झाडू घेण्याआधी पाहुण्याच्या जागी जाऊन बसावं. एरवी पाहुणा सोफ्यावर बसतो. गौरीपुढे सतरंजीवर बसतो आणि नमस्काराला वाकतो. म्हणजे नजर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आणि वाकल्यावर चार बोटांवर. तिथून माळा दिसत नाही, कपाटावरची बॅग दिसत नाही. दिसतं ते टीव्हीखालचं वायरींचं जंजाळ, टीपॉयच्या खालच्या फळीवरची रद्दी आणि सोफ्याखाली गेलेली कालची वाटी. आवरायचं ते एवढंच. ऐन वेळी पंखा पुसायला घेणं म्हणजे तर स्वतःच्या पायावर धोंडा. सगळी धूळ नव्या साडीतल्या गौरींच्या डोक्यावर. पंख्याचा दिवस गौरी येण्याच्या आधीचा. तेव्हा उशीचा जुना अभ्रा पात्यात घालून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते.

गौरीपुढची दोन हात जमीन मात्र नीट निरखून पाहावी. राज्यात 2018 साली थर्माकोलवर बंदी आली आणि सजावट पुठ्ठा, कापड, कागदावर गेली. त्याबरोबर आली चमकी. झाडूने ती जात नाही, फक्त घरभर फिरते आणि शेवटी नमस्कार करणाऱ्याच्या कपाळावर सापडते. कणकेचा लिंबाएवढा गोळा घेऊन जमिनीवर टिपत गेलं की पाच मिनिटांत साफ. गोळा पोळ्यांच्या घट्ट कणकेचा हवा. पुरणपोळीची उरलेली कणीक समोरच दिसते म्हणून घ्यावी, तर ती तेलात मुरलेली असते; चमकी उचलते आणि तेलाचा डाग ठेवून जाते.

हळद-कुंकू सांडलेलं असेल तर ओलं फडकं लावायची घाई नको. आधी कोरड्या कागदाने कागदावरच ओढून घ्यायचं, मग पुसायचं. साबणाचं पाणी तर नकोच. साबणात क्षार असतो आणि क्षार लागला की हळद लाल होते. हळदीचं पारंपरिक कुंकू याच गुणावर होतं, हे कौतुकाचं खरं, पण पांढऱ्या फरशीवर ते कौतुक नको असतं. झालंच लाल, तर लिंबाचे दोन थेंब टाकले की परत पिवळं होतं. पिवळा डाग निदान सणाला शोभतो.

बाथरूमचं काम सर्वांत आधी सुरू करून सर्वांत शेवटी संपवायचं. कमोडमध्ये क्लीनर टाकून दहा मिनिटं विसरून जायचं, घासायचं काम तोच करतो. लवकर निघावं म्हणून त्यावर ब्लिचिंग पावडर कधीही टाकू नये; दोन्ही मिळून विषारी वायू होतो. मग जाळीवरचे केस, कोरडा नॅपकिन आणि वायपर.

पसाऱ्याचं गाठोडं सगळेच करतात, चादरीत गुंडाळून बेडरूममध्ये. चुकतं ते दोन ठिकाणी. हळदीकुंकवाला आलेली बाई झोपलेलं मूल टाकायला जागा मागते ती नेमकी त्याच पलंगावर. आणि त्या गाठोड्यात विजेचं बिल, चार्जर, डॉक्टरांची चिठ्ठी असते, जी अनंत चतुर्दशीपर्यंत मिळत नाही. कागद वेगळे, एका पिशवीत, दाराच्या खुंटीला. भाद्रपदातले अर्धओले कपडेही गाठोड्यात नकोत, दोन तासांत आंबूस वास मारतात. ते हँगरसकट आतल्या खोलीत पंख्याखाली टांगावेत. बाहेरच्या खोलीला कुबट वास येत असेल तर उदबत्ती पेटवून उपयोग नाही, कुबट आणि चंदन असे दोन वास होतात. समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघड्या टाकाव्यात, उदबत्ती नंतर.

मुलांना ‘आवरा रे’ म्हटलं की कोणी हलत नाही. ‘खुर्चीवरचे कपडे उचल’ म्हटलं की खुर्ची रिकामी होते. नवऱ्यालाही हेच लागू.

पुरणयंत्र आल्यागेल्याला दिसेल म्हणून घासत बसू नये. वाळलेलं पुरण सिमेंटसारखं धरतं. कोमट पाण्यात बुडवून, मोठ्या पातेल्यात घालून वर झाकण. रात्री आपोआप सुटतं.

फरशी शेवटी. पावसाळी हवेत ती लवकर वाळत नाही, म्हणून फडकं पिळून पिळून घ्यायचं आणि पंखा पाचवर. अर्ध्या बादलीला फिनेलचं एक झाकण पुरे; वास यावा म्हणून चार झाकणं ओतली की फरशी चिकट होते आणि पहिल्या बाईची पावलं शेवटच्या बाईपर्यंत दिसत राहतात. खरं तर आज पावलं दिसायला हवीत, पण ती रांगोळीची. दाराबाहेर ओल्या छत्र्यांसाठी बादली, आत सुती पायपुसणं.

इतक्यात जिन्यात बांगड्यांचा आवाज येतो. सगळं जागच्या जागी असतं, फक्त हातात ओलं फडकं असतं. ते वॉशिंग मशीनच्या मागे जातं, आणि गौरी गेल्यावर चौथ्या दिवशी वासावरून सापडतं.