सेंट डोनाट्स: पोरांनी घडवलेली बोट

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लॅन्टविट मेजरहून पश्चिमेला निघालं की पायवाट कड्याच्या काठाकाठाने जाते. एका हाताला शेतं, दुसऱ्या हाताला ब्रिस्टल चॅनलचं गढूळ पाणी. थोड्या वेळाने वाट खाली उतरते आणि झाडीतून सेंट डोनाट्सचा किल्ला डोकावतो. मधल्या काळात तो अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्टने विकत घेतला होता. त्याच्या श्रीमंतीच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण मी आले होते इथल्या शाळेसाठी.

अटलांटिक कॉलेज इथे १९६२ साली सुरू झालं. कल्पना कुर्ट हान यांची. नाझींना विरोध केला म्हणून जर्मनी सोडावी लागलेला हा शिक्षक. काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी नाटोच्या डिफेन्स कॉलेजात शेजारी बसून शिकताना त्यांनी पाहिले आणि वाटलं, हे सोळा-सतराव्या वर्षीच का होऊ नये?

देशोदेशीची मुलं एका खोलीत राहतात याचं आता कुणाला फारसं नवल नाही. मला कुतूहल होतं समुद्राचं.

इथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. पाणी ओसरलं की खडकाचे थर आणि गोटे उघडे पडतात. शाळेच्या रबरी बोटींचे तळ त्यावर घासून फाटायचे. पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होअर हे नौदलातले निवृत्त रिअर ॲडमिरल. त्यांनी मुलांना हाताशी धरून तळाला प्लायवूड लावून पाहिलं. बोट समुद्रात न्यायची, ती मोडायची, पुन्हा नवी बांधायची, असं कित्येक वर्षं चाललं. त्यातून कडक तळाची रबरी बोट जन्माला आली, आज जगभर बचावकार्यात दिसते तीच. होअरनी पेटंटचे हक्क अवघ्या १ पौंडाला देऊन टाकले. आरएनएलआय या ब्रिटिश जीवरक्षक संस्थेने आपल्या बोटीला 'अटलांटिक २१' नाव दिलं ते या कॉलेजवरून.

१९६३ पासून सुमारे पन्नास वर्षं इथे आरएनएलआयचं बचाव केंद्र होतं आणि बोटीवर विद्यार्थी असत. सुकाणूवर एका देशाचा, दोरापाशी दुसऱ्या देशाची (मुली आल्या १९६७ला), इंग्रजी दोघांचंही उसनं. वाऱ्यात काय सांगितलं ते कळलं नाही, तर तसं तोंडावर म्हणावंच लागतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मनोरे रचायला लावणारी नेतृत्व शिबिरं मी बरीच पाहिलीत. तिथे कुणी बुडत नसतं, म्हणून कुणी फारसं शिकतही नाही, असं माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट खटकते. शिष्यवृत्त्या असल्या तरी फी भरमसाट आहे. किल्ल्यातून समाजसेवेला बाहेर पडायचं, यात थोडी गंमत आहेच. तरी आज आयबी डिप्लोमा (जगभरच्या शाळांतला बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करणाऱ्या प्रत्येकाला अभ्यासासोबत सेवेचं काम करावं लागतं, त्यामागे हान यांच्या विचाराचा मोठा वाटा आहे.

जाणार असाल तर कॉलेजचा परिसर खाजगी आहे, किनारवाट सगळ्यांना खुली. पुढे नॅश पॉइंटच्या दीपगृहापर्यंत जरूर चालत जा. कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, दरडी कोसळतात. खाली उतरायचं तर आधी भरतीची वेळ बघा. ते बचाव केंद्र आता बंद झालंय, पोरं बोट घेऊन धावत येणार नाहीत.