केडगाव ते राहुरी : आजीच्या अक्षरांच्या वाटेनं

पुण्याहून दौंडकडं जाणारी गाडी उरुळी, यवत, खुटबाव करत केडगावला लागते. थंडीत गेलात तर दोन्ही बाजूंना ऊस, आणि गुऱ्हाळांचा वास थेट डब्यात. आम्हा नगरकडच्या लोकांना केडगाव म्हटलं की नगर शहराला लागून असलेलं केडगाव आठवतं. हे ते नव्हे. हे दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. आजी राहुरीजवळच्या खेड्यात जन्मली आणि तिथंच शाळेत बाई म्हणून राबली, पण घराण्याची गोष्ट सांगायला बसली की सुरुवात मात्र इथूनच करायची. ती गेल्यापासून इथं यायचं मनात होतं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली सोबत घेऊन आल्या. आईवडील आणि बहीण त्यांनी स्वतः दुष्काळातच गमावले होते, त्यामुळे ती भूक त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या मुलींत माझी पणजी होती. गाव कुठलं, आईबाप कोण, यातलं काही तिला पुढं सांगता आलं नाही. मराठीसुद्धा ती इथंच शिकली.

मी रविवारी पोचलो, उपासनेच्या वेळेला. आवारात अजूनही मुली आणि निराधार बायका राहतात. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या मुली रांगेनं आत शिरत होत्या. पेटी सुरू झाली, झांजा वाजल्या आणि अभंगाच्या चालीवरचं एक गीत उचललं गेलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ही वाट पाडली, म्हणून आमच्याकडं ख्रिस्ती उपासना मराठी मातीतली वाटते. आजीचा आवाज फार चांगला नव्हता, पण ती अशा गीतांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न चुकता साथ द्यायची. मागच्या बाकावर बसून मीही गायलो.

रमाबाईंनी इथं मुलींना नुसतं जेवूखाऊ घातलं नाही, हाताला काम दिलं. विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, शेती होती आणि छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं, ते याच छापखान्यात बायकांनी छापलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात.

पणजी या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकली. शिशाचं अक्षर उलटं असतं आणि जुळवणाऱ्याला ओळही उलटीच वाचावी लागते, त्यामुळे तिला उलटं पुस्तक सुलट्यासारखं वाचता यायचं. लग्न होऊन राहुरीकडं गेल्यावर तिनं आजीला अक्षरं शिकवली ती समोरासमोर बसून. पुस्तक लेकीकडं तोंड करून ठेवायचं आणि पलीकडून ओळीखालून बोट फिरवायचं. आजीनं तेच उचललं. मलाही तिनं असंच शिकवलं. तिचं बोट माझ्या डावीकडून उजवीकडं सरकायचं, म्हणजे तिच्या बाजूनं उलटं, पण कधी अडखळलं नाही. नखाच्या कडेला खडूची पांढरी रेघ असायची, रविवारीसुद्धा.

मनोरमाबाईंची, म्हणजे रमाबाईंच्या मुलीची आठवण मला इथं वेगळ्या कारणानं आली. त्यांनी ब्रेल शिकून इथल्या अंध मुलींना शिकवलं. त्या मुलींच्या घराचं नाव शुभवर्तमानातल्या बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्यावरून. शेवटच्या वर्षांत काचबिंदूनं आजीचे डोळे गेले. तेव्हा ती पहाटे पाठ असलेली स्तोत्रं म्हणायची आणि मग प्रार्थनेत एकेकाचं नाव घ्यायची. घरातले, वर्गातली पोरं, बांधावरून भांडलेला शेजारी, ज्याच्याशी दोन पिढ्यांचं बोलणं नव्हतं तो चुलत भाऊ. या शेवटच्या दोघांची नावं ती कधी गाळत नसे. माझ्या मते तिच्या श्रद्धेची खरी ताकद इथं होती, उपदेश तिनं फारसा केलाच नाही.

दुपारी दौंडला गाडी बदलली. नगर, विळद, वांबोरी आणि मग राहुरी. या राहुरीतच 1900 साली नारायण वामनांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आजीला त्याचा मोठा अभिमान, जणू लक्ष्मीबाई शेजारच्या आळीत राहायच्या. संध्याकाळी दफनभूमीत जाऊन आलो. गवत वाढलं होतं, ते थोडं काढलं. रात्री गावात मुक्काम केला.

सकाळी आजीच्या शेजारच्या काकूंकडं गेलो. वय ऐंशीच्या पुढं, माळकरी घर. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं.

"बाई समोर बसायच्या बघ," त्या म्हणाल्या, "पुस्तक माझ्याकडं तोंड करून. सासू ओरडायची म्हणून आम्ही भांडी घासायच्या वेळेला बसायचो. राखेत बोट बुडवून मी अक्षर गिरवायची."

"काय वाचायला लावायची आजी?"

"आधी पहिलीचं पुस्तक. मग त्यांच्या शुभवर्तमानाचं पान. एक दिवस मी भीत भीत हरिपाठ पुढं केला. म्हटलं बाई, मला हे वाचायचंय. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, डोक्याला लावलं नाही की बाजूला सारलं नाही. माझ्याकडं तोंड करून ठेवलं आणि म्हणाल्या, चल, पहिली ओळ वाच. जोडाक्षरं आली की थांब, मी सांगते."

काकूंनी देवळीतून तोच हरिपाठ काढला. पानांना तेलाचे डाग पडलेले, पुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. कठीण जोडाक्षरांखाली शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, आजीच्या हाताच्या. पुढच्या पानांवर त्या विरळ होत जातात आणि अर्ध्या पुस्तकानंतर एकही नाही.