रिकाम्या खुर्चीचं पान

पुस्तक संपत आलं की एक पान येतं, त्यावर एक अक्षरही नाही. एक मुलगी बसलेली, आणि तिच्यासमोर एक खुर्ची. रिकामी.

"आजोबा कुठे गेले?" नातीने विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला. उत्तर सुचत नसलं की चष्मा पुसायचा, ही सोय म्हातारपणाने दिलेल्या मोजक्या सोयींपैकी एक. पण काच पुसून होईपर्यंत तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. "बाथरूमला गेले असतील." आणि पान उलटलंसुद्धा.

जॉन बर्निंगहॅम यांचं हे चित्रांचं पुस्तक 1984 सालचं. नाव 'ग्रँपा'. त्यात गोष्ट अशी नाहीच. एक नात, एक आजोबा, आणि पानापानावर दोघांची दोन-चार वाक्यं, आजोबांची एका टाइपात आणि नातीची दुसऱ्या. गंमत म्हणजे ही वाक्यं एकमेकांना धरून नसतात. आजोबा बी पेरता पेरता रोपांना जागा पुरेल का याची काळजी करतायत, तर हिला गांडुळं स्वर्गात जातात का ते हवंय. ती खोटं खोटं आइस्क्रीम देते, ते चॉकलेटचं समजून तारीफ करतात, आणि ती लगेच सुनावते की हे स्ट्रॉबेरीचं आहे. एका पानावर दोघं एकमेकांकडे पाठ फिरवून रुसलेली. काय झालं ते नीटसं सांगितलेलंच नाही, आणि ते विचारायची गरजही पडत नाही. घरातलं भांडण बाहेरच्याला दिसतं तेवढंच दिसतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही दोघं एकमेकांचं ऐकतच नाहीयेत. आता रोज रात्री नातीबरोबर वाचते तेव्हा कळतं, आम्हीही नेमकं हेच करतो. ती डायनासोरबद्दल बोलते, मी तिच्या नखांबद्दल. तासभर गप्पा झाल्याचं समाधान मात्र दोघींना मिळतं.

आजीआजोबा आणि नातवंडांची ही असली पुस्तकं मी आयुष्यात तीनदा वाचली आहेत, असं हल्ली लक्षात येतंय. पुस्तकं बऱ्याचदा तीच, मी मात्र दर वेळी वेगळ्या जागी बसलेली.

पहिल्यांदा मी हायडी होते. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेने ही कथा दोन भागांत लिहिली, 1880 आणि 1881 साली. ती मुलांसाठी आहे आणि ज्यांना मुलं आवडतात त्यांच्यासाठीही, असं मूळ पुस्तकावरच छापलेलं होतं. पाच वर्षांच्या पोरक्या हायडीला तिची मावशी डोंगरावर आजोबांकडे आणून सोडते. आजोबा गावाशी फटकून वर एकटे राहतात, गावातले लोक त्यांना वचकून असतात. माळ्यावर गवताचं अंथरूण आणि तिथल्या गोल झरोक्यातून दिसणारं खालचं खोरं, एवढ्यावर मी भाळले होते. आमच्या घराला माळा नाही याचं मला किती वाईट वाटायचं! कधीतरी उशी-चादर घेऊन मी पलंगाखाली झोपत असे, आणि सकाळी मला तिथून ओढून काढत.

पण त्यातला एक प्रसंग मला तेव्हा दिसलाच नव्हता. हायडी येते त्या दिवशी झोपडीत एकच खुर्ची असते, आजोबांची. ती चुलीजवळचं स्टूल घेऊन जेवायला बसते तेव्हा टेबलापाशी काही जमत नाही, स्टूल फारच बुटकं. मग आजोबा काय करतात? 'आलीस का बाळ' म्हणत नाहीत, डोक्यावरून हातही फिरवत नाहीत. जेवण उरकतात, लाकडं घेतात, तासतात, भोकं पाडतात, आणि आपल्यासारखीच खुर्ची बनवतात, फक्त बरीच उंच. हायडी थक्क होऊन बघत राहते. लहानपणी मी हे अर्ध्या मिनिटात वाचून पुढे शेळ्यांकडे पळाले असणार. आता तिथून पुढे सरकवत नाही. वर्षानुवर्षं एकच खुर्ची पुरलेल्या माणसाने दुसरी करायला घेतली! आतून काय हललं, याबद्दल स्पिरीबाई अवाक्षर काढत नाहीत. उंची बरोबर जमली, एवढंच.

दुसऱ्यांदा वाचताना मी आई होते. दिवसभराची दमणूक घेऊन लेकीला वाचून दाखवायचे, वाचता वाचता माझाच डोळा लागायचा आणि ती मला कोपराने ढोसायची. त्या काळात या पुस्तकांचा मला चक्क राग यायचा. त्यांतले आईबाप गेले कुठे? हायडीचे आधीच वारलेले. रोआल्ड डाल यांच्या 'द विचेस' (1983) मध्ये सुरुवातीच्या काही पानांतच मोटार अपघातात जातात. टोव्हे यान्सन यांच्या 'द समर बुक' (1972) मधल्या छोट्या सोफियाची आई नाही, ही गोष्ट एका वाक्यात येऊन जाते. वडील आहेत, पण टेबलाशी बसून कामात गढलेले. बर्निंगहॅम यांनी तर आईबापांचं चित्र काढायचीही तसदी घेतलेली नाही. मुलांना न्हाऊ घालायचं, औषधं द्यायची, बोलणी खायची, सगळं आम्ही करायचं, आणि पुस्तक निघतं ते आजीवर!

कारण उघड आहे. आईबाप असले की गोष्ट पुढे सरकत नाही. 'आधी हातपाय धू' हे एक वाक्य कुठल्याही साहसाचा गळा घोटायला पुरेसं असतं. आजी मात्र 'द विचेस'मधल्यासारखी असू शकते. ती नॉर्वेची, काळे चिरूट ओढणारी, आणि सात वर्षांच्या नातवाला 'घे एक झुरका' म्हणणारी. चिरूट ओढला की सर्दी होत नाही, असं वर समर्थन! एक आई म्हणून मी ते पान दोनदा गाळून वाचलं होतं. लेक शाळेत वाचायला शिकली आणि पकडली गेले.

आणखी एक कारण आहे, ते मला आता या टोकाला आल्यावर उमगलं. घरात म्हातारं माणूस आणि लहान पोर, या दोघांनाच 'पडशील' म्हणतात. दोघांनाच दुपारी झोपायला सांगतात, दोघांच्याच हातात दुसऱ्याने मोजून औषध ठेवलेलं असतं, आणि दोघांबद्दलच ती समोर बसलेली असताना 'आज जेवण नीट गेलं नाही' असं तिसऱ्याला सांगितलं जातं. एकजूट व्हायला आणखी काय लागतं?

टोमी डिपाओला यांनी हे फार धीटपणे काढलंय, 'नाना अपस्टेअर्स अँड नाना डाउनस्टेअर्स' मध्ये. पुस्तक 1973 चं, त्यांच्या स्वतःच्या आजी आणि पणजीवरचं. आजी खाली स्वयंपाकघरात, पणजी वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली, चौऱ्याण्णव वर्षांची. चार वर्षांचा टॉमी दर रविवारी येतो. पणजीला उचलून खुर्चीत बसवतात आणि पडू नये म्हणून खुर्चीला बांधतात. ते बघून टॉमी काय म्हणतो? मलाही बांधा. मग त्यालाही दुसऱ्या खुर्चीत बांधतात, आणि दोघं शेजारीशेजारी बसून शिवणकामाच्या डब्यातल्या गोळ्या खातात. ज्या गोष्टीने मोठ्यांच्या पोटात कालवतं, तिचा त्या पोराला हेवा वाटतो.

माझी नात यावर लगेच म्हणाली, "आपण पण बांधून बसू या." ओढण्या शोधल्या, बांधून घेतलं, आणि गाठ सोडवायला सुनेला हाक मारावी लागली. तिने दारातून एकदा आमच्याकडे बघितलं, मग बराच वेळ नुसतीच गाठीशी झगडत होती. तिसरी बाजू मी तेव्हा पुन्हा पाहिली.

वाईट पुस्तकंही पुष्कळ असतात बरं. एका धमकीइतक्या गोड चेहऱ्याची आजी, पांढरा अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. किंवा काठीवाले आजोबा, ज्यांना तोंड उघडलं की सुविचारच सुचतात. मुलगा खोटं बोलतो, आजोबा गोष्ट सांगतात, मुलगा सुधारतो. माझा संशय असा, की ही पुस्तकं मुलांसाठी नसतातच. ती विकत घेणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी असतात, आपलं कुणीतरी ऐकतंय हे वाचायला बरं वाटतं म्हणून. त्यापेक्षा आपली भोपळ्यात बसून जंगलातून एकटी गडगडत येणारी म्हातारी परवडली. ती कुणाला शहाणं करत नाही. वाघाला बनवते आणि घरी जाते.

चांगल्या पुस्तकांत म्हाताऱ्या माणसाला पोराची गरज असते, आणि ती लपवलेली नसते. हायडीतली पीटरची आंधळी आजी घ्या. तिला कडक काळा पाव चावत नाही म्हणून हायडी दूर फ्रँकफुर्टमध्ये पांढरे मऊ पाव कपाटात साठवत राहते, ते वाळून दगड होतात आणि एक दिवस फेकून दिले जातात तेव्हा हंबरडा फोडते. तिथेच ती वाचायला शिकते आणि परतल्यावर आजीला तिच्या जुन्या पुस्तकातली भक्तिगीतं वाचून दाखवते. सुधा मूर्तींच्या आजीची आठवणही अशीच, दिशा उलटवणारी. नात आठवडाभर परगावी गेली आणि साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी वाचून दाखवायला कुणी उरलं नाही. साप्ताहिकाचं पान हातात, चित्र दिसतंय, अक्षर लागत नाही. त्या आठवड्याच्या लाजेतून बासष्टाव्या वर्षी तिने नातीकडूनच मुळाक्षरं गिरवली.

आणि मरणाचं काय? तिथे ही पुस्तकं आपल्यापेक्षा सरळ असतात. 'द समर बुक' तसं मोठ्यांसाठी लिहिलेलं, पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात आजी सकाळी झुडपांत आपली पडलेली कवळी शोधतेय. कवळी सापडते, ती घालते, आणि सोफिया विचारते, तू मरणार कधी? आजी म्हणते, लवकरच, पण तुला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. विषय संपतो. 'द विचेस'मध्ये चेटकिणींनी उंदीर करून टाकलेला नातू शेवटी उंदीरच राहतो. तो आजीला विचारतो, मी किती जगेन? साधारण नऊ वर्षं, ती सांगते. ती स्वतः शहाऐंशीची. म्हणजे दोघं साधारण एकदमच जाणार, असा हिशेब लागतो आणि तो खूश होतो! 1990 च्या चित्रपटात त्याला परत माणूस करून टाकलं, डाल यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. मलाही नाही. एवढा चोख हिशेब कशाला मोडायचा?

'ग्रँपा' आलं त्याच वर्षी मेम फॉक्स यांचं एक पुस्तक आलं. त्यातल्या पोराचं नाव लांबलचक आहे, विल्फ्रिड गॉर्डन मॅक्डॉनल्ड पार्ट्रिज. लेखिकेने ते आपल्या वडिलांवरून ठेवलं. शेजारच्या वृद्धाश्रमातल्या शहाण्णव वर्षांच्या मिस नॅन्सी त्याच्या सर्वांत लाडक्या. का, तर त्यांचंही नाव चार शब्दांचं. मैत्रीला यापेक्षा भक्कम कारण मी ऐकलेलं नाही. नॅन्सीबाईंची आठवण हरवलीये असं त्याला कळतं, मग तो शिंपले, बाहुली, आजोबांनी दिलेलं पदक, फुटबॉल आणि कोंबडीखालून नुकतंच काढलेलं कोमट अंडं टोपलीत घालून त्यांच्याकडे जातो. एकेक वस्तू हातात देतो. ते अंडं तळहातावर घेतलेल्या म्हातारीचं ज्युली व्हिवास यांनी काढलेलं चित्र मी नातीला 'बघ' म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "फुटेल."

तर आता तिसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीत आहे. मला कुणी सांगितलं नाही. एके दिवशी पान उलटताना लक्षात आलं, की मी मुलीकडे न बघता आजोबांच्या गुडघ्यावरच्या शालीकडे बघतेय.

काल रात्री पुन्हा 'ग्रँपा'च हवं होतं. रिकाम्या खुर्चीचं पान आलं. मी सावरून बसले, आता विचारेल. तिने विचारलं नाही. थोडा वेळ खुर्चीकडे बघितलं आणि अंगठ्याने पान मागे लोटलं. आधीच्या पानावर आजोबा होतेच.

"हे बघ, आले. आता इकडून वाच."

मी इकडून वाचलं. हे पुस्तक असं आहे की उलटं वाचलं तरी फारसं बिघडत नाही, दोघांच्या बोलण्याचा मेळ सुलटही लागत नव्हता. रुसून पाठ फिरवलेलं पान आलं, ते गेलं. आइस्क्रीम आलं. गांडुळं आली. शेवटी पहिलं पान आलं, तिथे आजोबा दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि ती मुलगी त्यांच्याकडे धावत सुटलीये.

"संपलं," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.