१९७० ची पोर्ट आणि अण्णांचा प्रश्न

लोखंडी सांडशी गॅसवर लालबुंद तापवायची, जुन्या पोर्ट वाइनच्या बाटलीच्या गळ्याला बुचाच्या खाली घट्ट धरायची, मिनिटभराने काढून त्याच जागी गार पाण्याचं फडकं लावायचं. कट्‌ असा आवाज येतो आणि काच गोल, सरळ तुटते. जुनं बूच इतकं भुसभुशीत झालेलं असतं की स्क्रू घातला तर चुरा आत पडणार. म्हणून ही रीत. मी प्रथमच पाहिली आणि अजून डोक्यातून जात नाही.

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या आम्हा हौशी मंडळींनी वर्गणी काढून १९७० ची व्हिंटेज, म्हणजे त्या एकाच हंगामातल्या द्राक्षांची, पोर्ट घेतली होती. गाळ तळाशी बसावा म्हणून ती आधीपासून उभी ठेवलेली. काचेवर एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा होता. तळघरात आडवी ठेवताना ती बाजू कायम वर, म्हणजे जागा बदलली तरी गाळ हलत नाही. ओतणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे. गळ्यामागे मेणबत्ती लावून, श्वास रोखल्यासारखे ते ओतत होते. गाळाची पहिली काळी रेघ गळ्याशी आली आणि हात थांबला. एक थेंब पुढे नाही. अशी निगुती मला फक्त आमच्याकडच्या कलम बांधणाऱ्यांच्या हातात दिसली आहे.

गोव्याहून आणतात ती गोड ‘पोर्ट वाइन’ इथे विसरायची. इथल्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षरस अर्धवट आंबला की त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात. आंबणं थांबतं, साखर उरते. चढणीवरच्या पाटीच्या दगडात वाढलेल्या वेलींचं हे फळ. आमच्या पेल्यातला रंग कडेला विटकरी झाला होता. वास सुक्या अंजिराचा, संत्र्याच्या सालीचा, मागून चहापत्तीचा. गोड, पण जिभेला चिकटत नाही.

ती द्राक्षं तोडली त्याच वर्षी जुलैत पोर्तुगालचा एकेकाळचा हुकूमशहा सालाझार वारला होता. गोवा सोडायला शेवटपर्यंत राजी नसलेला तोच. ओतणारे गृहस्थ म्हणाले, त्या हंगामात आमच्या गावची पोरं तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत, अंगोलात लढत होती, मीही. द्राक्षं तुडवायला घरी बायका आणि म्हातारेच. यावर मी काही बोललो नाही.

पण मग एकाने विचारलं, भारतात वाइनची परंपरा नाहीच ना? हे मला झोंबलं. दोरूच्या वाइन-प्रदेशाची हद्द १७५६ मध्ये आखली गेली, मान्य. आमची नाशिकची वाइन कालची, तेही मान्य. पण एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी करून, पावसाळा चुकवून, फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणं म्हणजे काय, हे त्यांना मी बराच वेळ ऐकवलं. इथे वेल थंडीत आपसूक झोपते. आमच्याकडे ती झोपतच नाही, तिचं वेळापत्रक माणसाला कात्रीने लावावं लागतं. अवकाळी आला की एका रात्रीत मणी तडकतात. त्यांच्या उतारावर कष्ट आहेत, आमच्या सपाटीवर धास्ती जास्त आहे. मंडळींनी मन लावून ऐकलं.

घरी मात्र ‘पोरगं तिकडे दारूच्या बैठकांना जातं’ एवढंच पोचलं. आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षं पिकवतात आणि त्याच द्राक्षाची वाइन चाखणाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघतात, हे मला पटत नाही. मी तिथे फळ काय होऊ शकतं ते बघायला जातो.

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी चवीचं काही विचारलं नाही. म्हणाले, “एवढी वर्षं माल अडकवून ठेवायला त्यांना परवडतं कसं?” मी सांगितलं, व्हिंटेज दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरून विकतात. पुढे वाट पाहायची ती गिऱ्हाइकाने, आपल्या तळघरात.

“मग बरोबर,” अण्णा म्हणाले. “आपल्याला मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायचं असतं.”