तेलाचा हात

फोटो वीस सेकंदांत निघाला. आंजर्ल्याचा किनारा, ओहोटीची ओली वाळू, मोटरसायकलच्या पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी, मागं मावळतीचा सूर्य. त्या वीस सेकंदांचं बिल परवा आलं. ९,३४० रुपये.

खानावळीच्या काकांनी त्याच संध्याकाळी बजावलं होतं, "आधी गोड्या पाण्यानं न्हाऊ घाला हो तिला. मीठ खातं लोखंडाला." विहिरीच्या पंपाची नळीही दाखवली. पण पुढ्यात सोलकढी आली होती. मी 'हो हो' म्हटलं, दुसऱ्या दिवशी गाडी तशीच ताम्हिणीतून पुण्याला आणली, वर कव्हर घातलं आणि चार दिवस तिकडं फिरकलो नाही. कव्हर घातलं की काळजी घेतली, असा आपला समज. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सुकू म्हणून देत नाही. म्हणजे मी खारवलेली गाडी दमट पिशवीत बांधून ठेवली होती. खारातल्या मिरच्याच त्या.

कव्हर काढलं तर प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी एक तांबूस ठिपका. चेन चहाच्या रंगाची. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपवर रंगाखालून फोड आलेले. इंजिनाची ॲल्युमिनियमची कव्हरं तेवढी नुसतीच मळकट. गंज तसा ॲल्युमिनियमलाही चढतो, पण तो अंगाला घट्ट बसतो आणि खालच्या धातूचं पांघरूण होतो. लोखंडाचा गंज फुगतो, त्याचा पापुद्रा सुटतो, की आतलं ताजं लोखंड पुन्हा उघडं.

मग चढला मला धुण्याचा जोर. वॉशिंग सेंटरच्या पोऱ्याला म्हटलं, मार सगळीकडं, काही ठेवू नकोस. त्यानं चाकाच्या हबपाशी, हँडलच्या मुळाशी, अगदी टेकवून फवारा मारला. मी शेजारी उभा, समाधानानं. त्या दाबानं पाणी रबरी सीलमधून आत शिरतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं, हे मला पुढं मेकॅनिकनं शिकवलं. बिलासकट.

चेन मात्र मी स्वतः केली. इंजिन बंद, गाडी स्टँडवर, हातात जुना टूथब्रश. रॉकेल आता कुठं मिळतं, म्हणून क्लीनरचा डबा. शंभरावर कड्या, एकेक पुसायची, चाक बोटभर पुढं सरकवायचं, परत पुसायची. काळी मळी निघून कडीची बाजू चमकली की उगाच छाती फुगते. वरून डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारून मी मोकळा होणार होतो. मग कळलं, त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात जमला, म्हणून ४०. पाणी हटवायला तो बरा, पण चेनला टिकाऊ वंगण वेगळंच लागतं.

एवढं करूनही हँडल मध्यावर येऊन अडकायला लागलं.

"कोनसेट गेलाय साहेब," मेकॅनिक म्हणाला. म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं. मग वाकून पुढच्या, हादरे झेलणाऱ्या नळ्यांवर बोट फिरवलं. "शॉकअपची सीलंपण गळतायत. चिखल वाळू दिला ना अंगावर?" दिला होता. मढे घाटाचा, गेल्या पावसातला. वाळलेला चिखल नळीबरोबर वरखाली होतो आणि सीलची कड कापतो. चेनसेट ३,६५०, सीलं आणि त्यांचं तेल १,२८०, कोनसेट ९५०. मजुरीलाही माझी हरकत नव्हती, उकिडवं बसून काम केलं होतं बिचाऱ्यानं. खटकली ती तळाची ओळ. कन्झ्युमेबल्स, ३५०.

"हे काय?"

"चिंधी, ग्रीस... असंच."

साडेतीनशे रुपयांची चिंधी! माझ्या अंगावरचा टीशर्ट तेवढ्याचा नव्हता.

घरी येऊन बिल टेबलावर टाकलं. आईनं चष्मा लावून ते वाचलं, वरपासून खालपर्यंत, भाजीवाल्याचा हिशेब तपासावा तसं. काही बोलली नाही. आत गेली आणि विळी घेऊन आली. माझ्या जन्माआधीची, लोखंडी पात्याची. दर वेळी चिरून झालं की पातं धुते, लगेच पुसते, बोटावरच्या दोन थेंब गोडेतेलाचा हात फिरवते आणि आडवी ठेवते. पात्यावर एक ठिपका नाही.

"बेचाळीस वर्षं झाली हिला," ती म्हणाली. "अजून सर्व्हिसिंगला नाही टाकली."

आणि कांदा चिरायला बसली.