तुम्ही विचारलंत म्हणून: थोडी घेतली की मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो ना?

दादाचं सगळं माहीत असूनही लोक मला हे विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

हो, वाढतो. थोड्या दारूने मेंदूच्या पुढच्या भागात रक्त जास्त जातं, स्कॅनमध्ये दिसलंय ते, मी नाही म्हणतच नाहीये. पण त्याच वेळी मेंदू ग्लुकोज कमी वापरायला लागतो, हे कुणी सांगत नाही. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऊर्जा खातो, ती मुख्यतः ग्लुकोजमधून, आणि दारू चढलेली असताना तो लिव्हरने दारूपासून बनवलेल्या ॲसिटेटवर थोडंफार भागवतो. म्हणजे रक्त वाढलं, काम मंदावलं. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत तर रक्तही कमी पडतं. आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या मेंदूत रक्तपुरवठा घटतच जातो.

हे मला आधी माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. "थोडी घेतोस तर घे, रक्ताभिसरणाला चांगली असते," हे दादाला मीच म्हणाले होते. तेव्हा तो थोडीच घेत होता, असं मी अजूनही स्वतःला सांगते, पण किती घेत होता ते मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या सकाळी तो भिंतीला धरून चालत होता, पाय फाकवून, नजर एका जागी ठरत नव्हती, मला आईच्या नावाने हाक मारली त्याने. मी चिडले. म्हटलं सकाळीच लावलीस? तोंडाला वास येत नव्हता, ते मला कळलं होतं, तरी मी म्हटलं झोप, उतरेल. दुपारी अशक्त वाटला म्हणून ग्लुकोजचं पाणी दिलं, दोन ग्लास, चमच्याने. संध्याकाळी उठवला तर उठेना, तेव्हा हॉस्पिटल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, जेवतात का नीट? आणि लगेच शिरेतून बी-१ सुरू केलं. वेर्निके नावाचा मेंदूचा आजार आहे, म्हणाले. ग्लुकोजपासून ऊर्जा काढायला थायामिन, म्हणजे तेच बी-१ जीवनसत्त्व, लागतं, सतत पिणाऱ्याचं जेवण सुटतं, आतडंही ते नीट शोषत नाही, साठा संपतो आणि मेंदूचे काही भाग उपाशी पडतात. अशा वेळी थायामिनशिवाय ग्लुकोज दिलं तर बिघडू शकतं, हे मी नंतर वाचलं. डॉक्टरांना विचारलं, माझ्या त्या पाण्याने झालं का? म्हणाले, त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही, उशीर झाला हे मात्र खरं.

नाही म्हणाले नाहीत ते.

आता तो नीट चालतो. पण काल आपण दोघं बाजारात गेलो होतो असं सांगतो, काय काय घेतलं तेही सांगतो, आणि आम्ही गेलेलोच नसतो. खोटं बोलत नाही तो, रिकामी जागा मेंदू भरून काढतो. आधी मी दुरुस्त करायचे. आता कधी करते, कधी हो म्हणते, आणि यातलं बरोबर कुठलं ते मला ठरवता आलेलं नाही.